आधी अपडेट होऊ दे

—नाई, नाई, हात मांगं घे. मांगं घे म्हणलं नं! तो पेनड्राइव्ह आधी खिशात ठेव. ठेवला? असा. माह्या कंप्युटरले कोणाचंच काही लावाचं नाई, मंग तो कलेक्टर असो का तू असो. तीस वर्षं लाकडाच्या डेपोत गेटवर बसलो मी, मिथुन — टीपी, वाहतुकीचा पास, पायल्याबिगर अन् ओंडक्यावरचा हातोड्याचा छाप पायल्याबिगर एक बल्ली गेटातून जाऊ देली नाई, ठेकेदारानं काय-काय दाखवलं तरी नाई. तुहा पेनड्राइव्ह चंद्रपुरातून आला, किती कंप्युटरच्या तोंडात जाऊन आला ते तुले तरी मालूम आहे का? मंग? आधी अँटिव्हायरस अपडेट होईन. मंग तुहा पेनड्राइव्ह स्कॅन होईन. मंग पाहू काय द्याचं अन् काय नाई. बस तिथी. खुर्चीवर नाई, स्टुलावर. पँट पाय कशी चिखलानं भरली.

अन् बाबा नको म्हणू मले. चौदा महिन्यांआधी या घरात येत होता तवा काय म्हणे? भाऊ म्हणे. गुणवंतभाऊ, चहा मस्त आहे. गुणवंतभाऊ, जराक माऊस द्या. तेच म्हण. जवाई म्हणून नाई आला तू, काम घेऊन आला, अन् काम मले मालूम आहे — गिरजानं सांगतलं, फोन तिच्याच मोबाईलवर येते नं, मायलेकीचं मांगच्या आंगनात उभं राहून चालूच राह्यते, अन् म्हाताऱ्याले आयकू येत नाई असं समजते दोघी. हर्षाले नर्सच्या भरतीचा फॉर्म भराचा आहे, परवा सव्वीस तारीख, शेवटची. तुमच्या खोलीत नाल्याचं पाणी शिरलं, ट्रंक बुडाली, कागदाचा लगदा झाला, मोबाईल बी गेला. बरोबर का नाई? अन् तिच्या सगळ्या कागदाचे स्कॅन — मार्कशिटा, नर्सिंगचा डिप्लोमा, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी — या कंप्युटरमधी, 'हर्षा कागद' म्हणून फोल्डर होतं त्याच्यात. पूल परवा पाण्याबाहेर निघाला अन् आज तू मोटरसायकल घेऊन भामरागडात हजर. समजलं मले सगळं. पण गेट म्हणजे गेट.

होतं म्हणलं? आहे म्हणलं मी. आहे. शब्दात काय पकडून राह्यला तू?

हे पाय, हे रजिस्टर. डेपोचंच आहे, कोरं होतं, घेऊन आलो रिटायर होताना — चोरी नाई, सायबाले इचारून. याच्यात पह्यल्या पानावर अपडेटची पूर्ण पद्धत लिहिली आहे. एक, लाल निशाण आलं का पायाचं. दोन, शेवटचा अपडेट कोणत्या तारखेचा ते लिहून ठेवाचं. तीन, फाईल बत्तीस बिटवाली का चौसष्टवाली — एकदा चौसष्टवाली आणली होती, आठ दिवस वाया गेले, तूच हासला होता, याद आहे. चार, नेटचा वायर काढून ठेवाचा — तं नेट कुठी आहे इथी पावसायात, टावरवर फोन लागते तेवढाच, बाकी त्याच्यावर कावळे बसते. पाच, फाईल डेस्कटॉपवर कॉपी. सहा, राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. सात, हिरवं झालं का कंप्युटर बंद करून चालू. आठ, फुल स्कॅन. कोणी लिहून देल्लं? तूच सांगत गेला अन् हर्षानं लिहिलं. अक्षर तिचं आहे. बस, अक्षरच आहे, पाहू नको एवढं.

तं मी कराले काही चुकलो नाई. परवा बस चालू झाली, ड्रायव्हर वारलूच्या हातानं आलापल्लीवरून फाईल बोलावली, सहाशे एमबी, बत्तीसवाली. डेस्कटॉपवर टाकली. राइट क्लिक केलं. अर्ध्यात गेलं अन् लाल अक्षरात आलं — अपडेट होऊ शकत नाई. बरं, मी म्हणलो फाईल बिघडली असन, पुन्हा कॉपी केली, डी ड्राइव्हमधी. पुन्हा लाल. मंग नवीन फोल्डर करून त्याच्यात टाकली. लाल. सकाळी तुही गाडी वाजली अंगनात तवा चौथ्यांदा टाकून राह्यलो होतो. हा तुह्या हातचा अँटिव्हायरस आहे, मिथुन. तू विकला, तू टाकला, तीन वर्षं चांगला आहे म्हणून छातीवर हात मारून सांगतलं होतं. काय चांगला आहे? गेटवर पहारेकरी बसवला अन् पहारेकऱ्यानंच—

गिरजा! चहा नको ठेवू. पाहुणा नाई आला, मेकॅनिक आला. … आयकते का कोणी माहं. ठेवला वाटते. स्टोचा आवाज येऊन राह्यला.

पहारेकऱ्यानंच घर लुटलं म्हणतो मी. सांगू का तुले, किती अपडेट होते त्या वर्षी? मी मोजले नाई पण रजिस्टरात तारखा आहे. पह्यल्या वर्षी महिन्यातून एकदा ये. मंग पंधरा दिवसानं. मंग आठ दिवसानं — भाऊ, नवीन व्हायरस आला, फार खतरनाक. आलापल्लीवरून साठ-पासष्ट किलोमीटर, खड्ड्यातून, गाडी मारत, एका अपडेटसाठी! अन् मी भैताड लोकाले सांगत होतो, पोट्टा इमानदार आहे, कंपनीचं पेट्रोल जाळते पण कस्टमरले सोडत नाई. गिरजा तुह्यासाठी झिंग्याची भाजी करे. बंगाली आहे, आवडते त्याले, म्हणे. मी बी म्हणलो कर. माह्या घरचे झिंगे खाऊन गेला तू.

लोकं काय म्हणते गावात? म्हणते, गुणवंतरावले जात खुपली, बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातला पोट्टा नाई चालला. अरे मी जातपात पायत नाई. बरं, पायतो. थोडी पायतो, कोण नाई पायत, तुहा बाप नाई पायत का? पण ते नाई खुपलं मले. काय खुपलं सांगू? तुले मालूम आहे त्या दिवशी मी कुठी होतो ते. नाई मालूम? तिनं नाई सांगतलं? वा. मंग आयक. त्या दिवशी सकाळी हर्षा म्हणे, बाबा, लाल निशाण आलं, लगीत अर्जंट आहे, आलापल्लीले जाऊन फाईल घेऊन या. मी म्हणलो मिथुन येईन नं. म्हणे तो सुट्टीवर आहे. सुट्टीवर! हो, होता तू सुट्टीवर, अहेरीले, रजिस्टर लग्नाच्या ऑफिसात, दोन साक्षीदार घेऊन. अन् मी सहाच्या बसनं, पेनड्राइव्ह रुमालात बांधून, तुह्याच दुकानात बाकड्यावर दीड घंटा बसलो. तुह्या मालकानं मले चहा पाजला. त्याले मालूम होतं. ज्यानं फाईल कॉपी करून देल्ली त्याले मालूम होतं. पूर्ण आलापल्लीले मालूम होतं, अन् मी आपला इचारून राह्यलो — बत्तीसवाली देल्ली नं भाऊ?

संध्याकाळी घरी आलो तं मॉनिटरच्या काचेवर चिठ्ठी चिकटवून. काय लिहिलं होतं ते तुले सांगत नाई. ते माहं आहे. पण मी काय केलं मालूम आहे का? चिठ्ठी बाजूले ठेवली अन् पह्यले अपडेट मारला. पूर्ण. सात नंबरपर्यंत. हिरवं झालं. गिरजा चुलीपाशी बसून रडून राह्यली अन् मी फुल स्कॅन लावून बसलो. माणसाले पायजे काहीतरी कराले.

काय? काय म्हणला? फोल्डर उघडून दाखवा? स्कॅन नको, नुसतं उघडून दाखवा? काऊन, भरोसा नाई का? हे पाय — डी ड्राइव्ह. फोटो. गिरजाच्या भजनी मंडळाचं. माही पेन्शन. अन् … नाई. हां, नाई दिसत. ते मी सांगणारच होतो तुले. ते व्हायरसनं खाल्लं. हो, व्हायरसनं! मंग काय सांगून राह्यलो सकाळपासून, का हा अँटिव्हायरस बोगस आहे? जुना झाला, अपडेट होत नाई, व्हायरस घुसला अन् बाकी सगळं सोडून हर्षाचं फोल्डर खाऊन गेला. का मंग अँटिव्हायरसनंच पकडून कोंडून ठेवलं असन, ते काय म्हणते तुम्ही, क्वारंटाइन. पाय नं तूच. पाय. माऊस घे, माऊसले हात लावू देतो, पेनड्राइव्हले नाई.

… रिकामं आहे? बरोबर पायलं का? मांगच्या महिन्याचं बी? एकही नाई?

मंग मले काय इचारतो, मी का कंप्युटर इंजिनिअर आहे? अन् बोट कुठी दाखवून राह्यला? तिथी कोपऱ्यात? घड्याळ आहे ते. तारीख. हो, बारा ऑगस्ट दिसते. मले बी दिसते, मोतीबिंदू काढला मी. आज चोवीस आहे हे मले कॅलेंडरवरून समजते, तू नको सांगू. सेल गेला असन आतला, तो चिल्लरसारखा गोल राह्यते तो. लाईट गेली का तारीख मांगं जाते … तं दोन हजार नऊवर जाते? सेल गेला तं जानेवारी नऊवर जाते, बारा दिवसच मांगं नाई जात. हं. हुशार आहे तू. म्हणून अपडेट लाल होते? फाईल बावीसची अन् कंप्युटर बाराचा, म्हणून तो म्हणते का ही फाईल अजून जन्मालेच आली नाई? अस्सं. मंग झालं नं, सापडला रोग. तारीख करू बरोबर अन्—

नाई. नाई, थांब. तारखेले हात नको लावू. काऊन म्हणजे? मी केली. हो, मीच मांगं केली, तुले काय कराचं आहे? घर माहं, कंप्युटर माहा, तारीख माही.

असा पाहू नको मिथुन माह्याकडं.

डेपोत कसं राह्यते, सांगतो. समजा आज लोटात, थप्पीत, माल पुरा नाई. दहा ओंडके कमी आहे. तं आम्ही रजिस्टरचं मांगचं पान उघडतो. बारा तारखेचं पान उघडलं का बारा तारखेले जितके ओंडके होते तितके तिथी लिहिलेले राह्यते, नंबरासकट, जाडीसकट, ते कोणाच्या बापाले मिटवता येत नाई. मंग मी म्हणलो, एवढा हुशार कंप्युटर, याच्यात आपल्या रजिस्टराइतकी तरी अक्कल असन का नाई? तेराले गेलं नं फोल्डर? तं बाराचं पान उघडतो. बारा तारीख केली, बंद केला, चालू केला. नाई आलं. अकरा करून पायली. दहा करून पायली. पुन्हा बारा केली. दर दिवशी सकाळी चालू करतो अन् बारा करतो. हासू नको. … बरं, नाई हासून राह्यला. पण हास्याची जागा आहे, मले समजते.

तेराले कसं गेलं? हे इचारणारच तू.

तेराले फोन आला. गिरजाच्या नाई, माह्या मोबाईलवर. कोणाच्या तरी नंबरवरून, पुरात तिचा गेला होता नं. चौदा महिन्यांनी माह्या पोरीचा आवाज माह्या कानात, अन् पह्यलं वाक्य काय? बाबा, ते 'हर्षा कागद' फोल्डर आहे नं अजून? बस. कसे आहा नाई, मोतीबिंदूचं काय झालं नाई, पाऊस किती नाई. फोल्डर आहे नं. मी म्हणलो आहे. म्हणे कोणाच्या हातानं पाठवता का. मी म्हणलो पाहू, अन् बंद केला. अन् इथी येऊन बसलो, याच खुर्चीवर. फोल्डरवर गेलो. नुसतं डिलीट केलं तं कचरापेटीत जाते, तिथून वापस काढता येते — हर्षानंच शिकवलं होतं. अन् शिफ्ट दाबून डिलीट केलं तं कायमचं जाते, बाबा ते कधीच नका करू, हे बी तिनंच शिकवलं होतं. मी शिफ्ट दाबलं. त्यानं इचारलं, नक्की? मी म्हणलो नक्की.

झालं. मिळालं तुले? त्या व्हायरसचं नाव गुणवंत आहे.

अन् काय गेलं त्याच्यात ते आयक, म्हणजे तुले समजन का मी कोणाचं डोकं फोडलं. ती व्हॅलिडिटी तिनं नाई काढली. मी काढली. तीन वर्षं. गडचिरोली, नागपूर, पुन्हा गडचिरोली, रजा टाकू-टाकू. माह्या आज्याचं नाव कोतवालाच्या जन्म-मरणाच्या जुन्या पंजीत सापडलं, वाळवी लागलेली, मोडी लिपीतलं, ते वाचाले माणूस शोधला. तो कागद हातात आला त्या दिवशी हर्षा अन् मी बसस्टँडवर भजे खाल्ले अन् ती म्हणे, बाबा, आता मी नर्स होतेच. दोन सेकंद लागले मिटवाले. दोन बी नाई.

अरे! अरे वायर काऊन ओढली? असा बंद करते का कंप्युटर, शट डाऊन करा म्हणून तूच घसा कोरडा करत होता — काय? हळू बोल. पुन्हा सांग. मिटवलेलं मिटत नाई? जागेवरच राह्यते? नुसतं नाव पुसते, अन् माल तिथीच पडून राह्यते, जोपर्यंत त्याच्यावर दुसरं काही येऊन पडत नाई तोपर्यंत … मंग निघते! काढ नं मंग! काढाचं साधन आहे तुह्यापाशी, त्याच पेनड्राइव्हमधी? मंग सकाळपासून तोंड शिवलं होतं का, लाव नं, लाव, खड्ड्यात गेलं गेट — काऊन लावत नाई?

दुसरं काही येऊन पडत नाई तोपर्यंत.

सहाशे एमबी. एकदा डेस्कटॉपवर. एकदा डीमधी. एकदा नवीन फोल्डरात. अन् चौथ्यांदा तू अंगनात गाडी लावून राह्यला तवा. म्हणजे मी तेराले मिटवलं ते मिटलंच नोतं, अन् परवापासून माह्याच हातानं मी त्याच्यावर … दोन हजार चारशे एमबी. अन् तू दारात उभं राहून म्हणला होता, भाऊ काही करू नका, आधी मले पाहू द्या. अन् मी तुले स्टुलावर बसवलं. घंटाभर.

तिचे कागद किती एमबीचे होते? चाळीस-पन्नास? मंग असन नं कुठीतरी कोपऱ्यात? हो म्हण. मालूम नाई म्हणून नको हालवू मुंडी, हो म्हण.

इथी नाई निघत? लाईटचा भरोसा नाई, हो, दिवसातून दहादा जाते, अर्ध्यात गेली तं राह्यलं ते बी जाईन. आलापल्लीले, तुह्या जुन्या दुकानात, चांगल्या मशीनवर. मंग बसला काऊन? सोड ते स्क्रू. नुसती डिस्क कायले काढतो, पूर्ण डब्बा उचल. गिरजा! ती धानाची पोती आण, अन् ताडपत्रीचा तुकडा, मोठा. अन् चहा … दे त्याले, पिऊ दे. गटागटा पी. पर्लकोटा नदीचं पाणी पायलं होतं का येताना? पुलाले किती खाली होतं? हातभर? मंग दुपारपर्यंत पुन्हा चढन, वरून छत्तीसगडकडं पडून राह्यला. दोरी कस. अशी नाई, आडवी घे, ओंडका बांधतो तशी, हट, मी बांधतो. हे असं. आता खड्ड्यात जरी गेला तरी हालाचा नाई. हळू चालव पण थांबू नको.

अन् आयक. इकडं ये, गिरजाच्या कानावर नको. तिले … हर्षाले काय सांगशीन? निघालं तं बोलाची गरजच नाई. पण नाई निघालं तं? तं म्हणजो व्हायरसनं खाल्लं. नवीन आला, फार खतरनाक, अपडेट नोता म्हणून. तुहं आयकन ती, तू जाणकार आहे. बापाचं नाव नको काढू. म्हणशीन नं?

म्हणतो?

एवढ्या लवकर हो म्हणला? एक घडी बी इचार नाई केला? माह्या पोरीसोबत तू असं खोटं बोलतो, पटकन, तोंडावरची रेघ न हालवता? कितीदा बोलला असा आतापर्यंत? तिनं घर सोडलं, बाप सोडला, तुह्या भरोशावर त्या नाल्याच्या खोलीत जाऊन राह्यली, अन् तू एका म्हाताऱ्यानं म्हणलं तं तिले फसवाले तयार? खबरदार. खबरदार तिच्याशी खोटं बोलला तं, मी चंद्रपूरले येऊन तुही गचांडी धरन. बापानं केलं म्हण. शिफ्ट दाबून केलं म्हण, तिले समजन. उचल तो डब्बा. निंग इथून.